ट्रॅक्टरचा धूर आणि कोल्हापूरचा मिस्त्री

डिझेल इंजिनात काय बिघडले आहे, हे कोल्हापूरच्या मिस्त्रीने कित्येक वर्षे धुरावरून ओळखले. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर क्लीनर चोक झालेला, नाहीतर नोझल टपकणारे. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजल्या आणि इंजिन ऑइल जळू लागले. थंडीतल्या सकाळी निघणारा पांढरा धूर कुणी मनावर घेत नसे. मात्र इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर हेड गॅस्केटमधून पाणी उतरत असल्याची शंका घेतली जाई. ही विद्या पुस्तकांतून कमी आणि गॅरेजमधून जास्त शिकली गेली. आजच्या मोठ्या ट्रॅक्टरमध्ये धूर दिसतच नाही. त्याचे काम डॅशबोर्डवरचे दिवे करतात.

या विद्येचा उगम ट्रॅक्टरच्या आधीचा, पाणी उपसणाऱ्या इंजिनातला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा तिथला माल होता लोखंडी नांगर. त्यांच्या घराण्याचा ऑइल इंजिनांचा कारखाना 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला निघाला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी हाती घेतलेल्या राधानगरी धरणामुळे भोगावती-पंचगंगेला बारमाही पाणी मिळाले, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी ते अडवले आणि उसाच्या रानात चढवण्यासाठी काठावर इंजिने बसली. गुऱ्हाळाच्या चरकालाही बैलांच्या जागी इंजिन आले. शहरातल्या शिवाजी उद्यमनगरात छोटे कारखानदार इंजिने आणि त्यांचे सुटे भाग बनवू लागले. पुढे खेडोपाडी वीज पोहोचली, इंजिनाची मागणी ओसरली आणि इथल्या फाउंड्र्या मोटारी व ट्रॅक्टरच्या कास्टिंगकडे वळल्या. हँडल मारून सुरू होणाऱ्या त्या एक सिलिंडरच्या इंजिनाने किती धूर सोडावा, यावर कुणाचे बंधन नव्हते.

ट्रॅक्टरच्या धुरावरचे बंधन केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 115अ या नियमाने आले. पहिला टप्पा ऑक्टोबर 1999 पासून लागू झाला, पण त्यात काजळीच्या कणांना मर्यादाच नव्हती. जून 2003 च्या दुसऱ्या टप्प्यात दर किलोवॉट-तासाला 1 ग्रॅम कणांची मर्यादा आली. 2010-11 च्या ‘तीन-अ’ टप्प्यापर्यंत पंप-नोझलमध्ये सुधारणा करून निभावले. चौथा टप्पा मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलला गेला आणि 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना लागू झाला. त्यातली कणांची मर्यादा 0.025 ग्रॅम, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या चाळिसाव्या भागाइतकी. एवढी काजळी नुसत्या जुळवणीने कमी होत नाही, ती बहुधा सायलेन्सरच्या वाटेवर फिल्टरने अडवली जाते. डिझेलमधले गंधक या यंत्रणेतल्या उत्प्रेरकाला मारक असल्याने आधी इंधन सुधारणे भाग होते. 10 पीपीएम गंधकाचे डिझेल देशभर एप्रिल 2020 पासून मिळू लागले.

फिल्टर भरला की त्यातली काजळी जाळावी लागते. त्यासाठी सुमारे 600 अंश सेल्सिअसची उष्णता लागते. भरल्या ट्रॉल्या ओढताना एक्झॉस्ट तापलेला असतो, त्यामुळे हे जाळणे चालत्या कामात उरकते. गाळप हंगामातली अडचण फडात नसून साखर कारखान्याच्या आवारात आहे. काट्यावर आणि गव्हाणीवर नंबर येईपर्यंत इंजिन तासन्‌तास रिकामे फिरत ठेवले, तर एक्झॉस्ट थंड राहतो, काजळी साठत जाते आणि फिल्टरचा दिवा लागतो. दिवा नुसता लागला असेल तर ट्रॅक्टर लोडवर चालवणे किंवा उभा करून बटणाने काजळी जाळून घेणे पुरते. तो लुकलुकू लागला किंवा जोडीला इंजिनाचा पिवळा दिवा आला, तर यंत्रणा इंजिनाची ताकद कमी करते. तरीही ओढत राहिले तर फिल्टर बदलण्याची वेळ येते. जाळण्याच्या वेळी तापमानाचा वेगळा दिवा लागतो, तेव्हा ट्रॅक्टर वाळल्या पाचटावर उभा करणे म्हणजे फडाला आग लावण्याची तयारीच. 75 अश्वशक्तीच्या वरच्या गटात नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा 0.4 ग्रॅम इतकी कडक आहे. ती पाळण्याचा रुळलेला मार्ग युरियाच्या द्रवाचा, आणि तशा ट्रॅक्टरमध्ये त्या टाकीच्या पातळीचा आणखी एक दिवा असतो.

या ट्रॅक्टरपुढे जुना मिस्त्री काही काळ अडतो, कारण दिव्यामागचा कोड वाचायला स्कॅनर लागतो. कोड सापडल्यावरची कारणे मात्र त्याच्या ओळखीची निघतात. नोझल टपकत असेल तर फिल्टर नेहमीपेक्षा लवकर भरतो, हवा कमी पडली तरी तेच. रिंगा झिजल्या की जळलेल्या ऑइलची राख फिल्टरमध्ये बसते. काजळी जाळता येते, राख जळत नाही. त्यामुळे बटण कितीदाही दाबले तरी दिवा फिरून येतो, आणि फिल्टर खोलून साफ करावा लागतो. 50 अश्वशक्तीच्या आतल्या ट्रॅक्टरांना 2023 चा टप्पा लागू झाला नाही. कारखान्याच्या त्याच रांगेत ते उभे असतात आणि त्यांचा धूर अजून डोळ्यांनी वाचता येतो.