नवमानवतावाद

नवमानवतावाद ही मानवेंद्रनाथ रॉय (१८८७–१९५४) यांनी १९४६-४७ च्या सुमारास मांडलेली, व्यक्तीच्या स्वातंत्र्याला सर्व सामाजिक मूल्यांचा निकष मानणारी विचारसरणी आहे. नीतीचे अधिष्ठान ईश्वर, धर्मग्रंथ किंवा राष्ट्रभक्ती यांत नसून माणसाच्या विवेकशक्तीत आहे, हे तिचे मध्यवर्ती प्रतिपादन होय. रॉय बंगाली असले, तरी त्यांच्या विचाराला महाराष्ट्रात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, वि. म. तारकुंडे, गोवर्धन पारीख, ह. रा. महाजनी असे अनुयायी लाभले.

पार्श्वभूमी

कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयातून १९२९ मध्ये निष्कासित झालेल्या रॉय यांनी स्टालिनशाहीचा उदय आतून आणि नाझी चळवळीची वाढ जर्मनीतील वास्तव्यात जवळून पाहिली होती. भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ ही वर्षे त्यांनी तुरुंगात काढली. लोक आपले स्वातंत्र्य हुकूमशहाच्या हाती आपण होऊन का सोपवतात, हा प्रश्न त्यांच्या पुढील लेखनाच्या मुळाशी आहे. आज्ञापालनाची जुनी सवय आणि ‘राष्ट्र’ किंवा ‘वर्ग’ या समूहनामांभोवती चेतवलेली भावना, हे त्यांचे उत्तर होते. १९४६ मध्ये या विचाराची बावीस सूत्रे तयार झाली. सत्ताकांक्षी पक्ष हे व्यक्तिस्वातंत्र्याचे साधन होऊ शकत नाही, या निष्कर्षावरून डिसेंबर १९४८ मध्ये रॉय यांनी स्वतःचाच रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष विसर्जित केला. राजकीय पक्षाने तत्त्वासाठी स्वतःला मिटवल्याची अशी उदाहरणे विरळाच.

नीतिविचार

विश्व नियमबद्ध आहे, माणूस त्या विश्वाचाच भाग आहे, म्हणून त्याची विवेकशक्ती निसर्गसिद्ध आहे आणि नीती त्या विवेकातून उद्भवते, अशी रॉय यांची मांडणी आहे. भीतीने किंवा आज्ञेने केलेले सत्कृत्य तिच्यानुसार नैतिक ठरत नाही. कारण आज्ञेने सदाचारी झालेला माणूस आज्ञा बदलताच दुराचारीही होऊ शकतो. एकाधिकारशाहीला विरोध हा या नीतिविचाराचा थेट परिणाम आहे.

या मांडणीवरील सर्वांत बळकट आक्षेप डेव्हिड ह्यूम यांच्या परंपरेतला आहे. बुद्धी साधने सुचवते, साध्य मात्र भावनाच ठरवते. दुसऱ्याला दुःख होते आहे, एवढे ज्ञान त्याच्या मदतीला धावण्यास पुरेसे नसते. रॉय यांनीही भावनेला सर्वथा नाकारले नाही. ‘रीझन, रोमँटिसिझम अँड रेव्होल्यूशन’ या उत्तरकालीन ग्रंथात विवेक आणि स्वच्छंदतावाद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न आहे. तारकुंडे यांनी समूहजीवनातून उत्क्रांत झालेल्या सहकार्याच्या प्रेरणांवर अधिक भर दिला आणि विवेकाकडे त्यांच्या मार्गदर्शकाचे काम सोपवले.

महाराष्ट्रात याच्या दुसऱ्या टोकाला साने गुरुजी दिसतात. रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे जन्मलेल्या गुरुजींच्या लेखनात नीती आईच्या मायेतून, करुणेतून घडते. मात्र १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी सुरू केलेले उपोषण रूढीच्या सत्तेविरुद्धच होते. भावना माणसाला केवळ आज्ञाधारक बनवते, हे रॉयवादी गृहीतक येथे अपुरे पडते.

आणीबाणीची कसोटी

जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा हे दोन्ही प्रवाह एकाच बाजूला आले. गुरुजींनी स्थापन केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाने यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखाली विरोधाची भूमिका घेतली. तारकुंडे यांनी जयप्रकाश नारायण यांच्यासह १९७४ मध्ये ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ ही संस्था उभारली होती. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या नागरी स्वातंत्र्य संघटनेचे ते अध्यक्ष झाले. सासवडला जन्मलेले तारकुंडे १९५७ ते १९६९ या काळात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते.

स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते का, या प्रश्नावरील जबलपूर खटल्यात स्थानबद्धांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत तेही होते. सुनावणीत न्या. ह. रा. खन्ना यांनी विचारलेल्या प्रश्नावर, कोणाचा जीव बेकायदा घेतला गेला तरी आणीबाणीत उपाय नाही, अशी कबुली महान्यायवादी निरेन डे यांनी दिली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारचे म्हणणे मान्य केले. विसंमती एकट्या खन्नांची होती; बहुमतात न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड होते. बहुमताचा युक्तिवादही तर्काच्या चौकटीतलाच होता. त्यामुळे शुद्ध तर्क नीतीची हमी देतो का, हा प्रश्न नवमानवतावाद्यांना टाळता येत नाही. रॉयवादी उत्तर असे, की कायद्याच्या शब्दाशी सुसंगत असणे म्हणजे विवेक नव्हे. ज्याचे मूल्य मोजायचे ती व्यक्तीच युक्तिवादातून वगळली गेली होती. उत्तर महत्त्वाचे असले, तरी व्यक्तीला मूल्य का द्यायचे, हा ह्यूमचा प्रश्न त्याने सुटत नाही.

उत्तरकाल

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताच्या व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. तारकुंडे यांचे २००४ मध्ये निधन झाले. जबलपूर निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात औपचारिकरीत्या रद्द ठरवला. त्यातील प्रमुख निकालपत्र यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.