जे. जे. रुग्णालयातील ग्लिसरीन

‘औषध बाधले’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा रोग्याची प्रकृती किंवा डॉक्टरांचे निदान आपल्या मनात असते. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जे घडले, त्याला हे दोन्ही खुलासे लागू पडत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध योग्यच होते. बाटलीत निराळेच काही होते.

मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरावा म्हणून रुग्णाला ग्लिसरीन पाजण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. ते घेतलेल्या रुग्णांची लघवी बंद होऊ लागली, मूत्रपिंडे निकामी झाली आणि चौदा जण दगावले. रुग्णालयाला पुरवलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. हा द्रव कारखान्यांच्या उपयोगाचा. तो ग्लिसरीनसारखाच दाट, रंगहीन आणि चवीला गोड, शिवाय स्वस्त. डोळा, नाक, जीभ यांना दोहोंतला भेद कळत नाही. प्रयोगशाळेतली एक साधी चाचणी मात्र तो दाखवून देते. ती चाचणी वेळेवर झाली नाही, एवढ्यावर चौदा घरे उद्ध्वस्त झाली.

हे विष नवे असते तर अज्ञानाची सबब चालली असती. पण १९३७ साली अमेरिकेत मॅसेन्गिल कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध याच द्रवात विरघळवून विकले होते. कंपनीने त्याची चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. ते विषारी आहे की काय, हे कोणी पाहिले नाही. शंभरावर माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ होती. तेव्हाच्या कायद्यात अशा मृत्यूंसाठी कलमच नव्हते. औषधाला ‘एलिक्झिर’ म्हटले असूनही त्यात मद्यार्क नाही, एवढ्याच गुन्ह्यावर कंपनीला दंड झाला! पुढच्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा केला. आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० साली आला. म्हणजे जे. जे.मध्ये ती बाटली उघडली गेली, तेव्हा या विषाची ओळख जगाला होऊन जवळजवळ अर्धे शतक लोटले होते आणि आपला कायदाही पंचेचाळीस वर्षांचा झाला होता.

चौकशीसाठी न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. १९८७ अखेर सादर झालेला त्यांचा अहवाल हा आमच्या मते महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक मोलाचा दस्तऐवज आहे. एखाद्या व्यापाऱ्याला गुन्हेगार ठरवून ते थांबले नाहीत. रुग्णालयातली बेफिकिरी, औषध प्रशासनातली ढिलाई, भ्रष्टाचार आणि दोषी कंपन्यांवरील कारवाईत मंत्र्यांनी केलेली ढवळाढवळ, असा सारा माग त्यांनी काढला. अहवाल बाहेर आल्यावर आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

नैतिक प्रश्न इथेच आहे. विष देण्याचा हेतू या साखळीतल्या बहुतेकांच्या मनात नव्हता. एकाने सही केली, कारण आधीच्याची सही होती. दुसऱ्याने तपासले नाही, कारण तपासणे हे तिसऱ्याचे काम. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा विश्वास पुढच्याच्या हवाली केला आणि अखेर तो सारा भार खाटेवरच्या अशा माणसावर येऊन पडला, ज्याला प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. खाजगी दवाखाना परवडत नाही म्हणून तर तो तिथे आला होता. आम्ही मावळातली माणसे हे जाणतो. परंदवडीत ताप आला तर तळेगावच्या दुकानातली बाटली, दुखणे वाढले तर पुण्याचे ससून. कागदाची पुडी असो वा सीलबंद बाटली, आपण झाकण उघडतो आणि मुलाच्या तोंडाला चमचा लावतो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ज्या सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या उदार देणगीतून हे रुग्णालय १८४५ साली उभे राहिले, त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनशी चाललेल्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून आला होता. त्यांच्या दानशूरपणाला यामुळे उणेपणा येतो असे आम्ही म्हणत नाही. मुंबईतल्या अगणित गरिबांना या वास्तूने जीवदान दिले आहे. पण औषध आणि विष यांची गाठ या घराच्या पायातच पडलेली होती, हे विसरूनही चालत नाही.

लेंटिन आयोगानंतर हे थांबायला हवे होते. ते थांबले नाही. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात साठहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. त्यांच्या मृत्यूंचा संबंध भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांशी जोडला गेला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांना आईबापांनी उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणले होते. ते औषध डॉक्टरांनीच लिहून दिले होते आणि तमिळनाडूतल्या एका परवानाधारक कारखान्यात ते तयार झाले होते. डायएथिलीन ग्लायकॉलची मर्यादा ०.१ टक्का आहे. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने बाटली तपासली तेव्हा ते ४८.६ टक्के भरले.