वर्गणीतून गेलेले डॉक्टर

जपानने १९३७ साली चीनवर चढाई केली तेव्हा आपण स्वतःच पारतंत्र्यात होतो. तिजोरी इंग्रजांची, सैन्यही इंग्रजांचे. म्हणूनच चिनी सेनापती झू दे यांनी वैद्यकीय मदतीची हाक घातली ती व्हाइसरॉयला नव्हे, पंडित नेहरूंना. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू यांनी आवाहन केले, गावोगाव वर्गणी जमली आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून पाच डॉक्टर बोटीने निघाले. प्रमुख डॉ. अटल स्पेनच्या यादवी युद्धात सेवा करून आलेले. बसू आणि मुखर्जी कलकत्त्याचे, चोळकर नागपूरचे आणि द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे.

मराठी, कानडी, तेलुगू अशा तिन्ही भाषा कानांवर पडणाऱ्या गावातला हा तरुण चिनी भाषा शिकला, याचे आपल्याकडच्या वाचकांना नवल वाटू नये! १९४१ मध्ये तो बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचा प्रमुख झाला. तिथल्याच परिचर्या-शिक्षिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्याने लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, तो गेला. बाकीचे चौघे मायदेशी परतले.

शांतारामबापूंनी १९४६ मध्ये ही कथा पडद्यावर आणली, नायकाची भूमिकाही स्वतःच केली. पण १९६२ च्या युद्धानंतर चीनशी स्नेहाची भाषा इथे कोणाला रुचणार?

दरम्यान मदतीची रीतच पालटली होती. चीनने १९६३ साली अल्जीरियाला डॉक्टरांचे पथक धाडले, भारताने १९६४ साली परदेशी प्रशिक्षणार्थींसाठी तांत्रिक सहकार्याची योजना काढली. दोन्ही कामे मोलाची, पण सरकारी. वर्गणीची पेटी त्यात कुठेच नव्हती, आणि पेटीत आणा टाकणाऱ्याला दूरच्या देशाविषयी वाटणारी आपुलकीही नव्हती.

कोटणीसांच्या स्मृतीचेही तेच झाले. चीनने १९८२ मध्ये त्यांचे तिकीट काढले. आमच्या टपाल खात्याला ते सुचायला १९९३ उजाडले. चीनचे अध्यक्ष हू जिंताओ २००६ साली मुंबईत आले, तेव्हा कोटणीसांच्या कुटुंबीयांना मुद्दाम भेटले. छायाचित्रे निघाली. यिनहुआ मात्र १९६७ मध्येच, वैद्यकीचे शिक्षण घेत असताना, वारला होता.