वार्धक्य, बोटांचे ठसे आणि हयातीचा दाखला

कोलकाता : बोटांच्या ठशांवरून व्यक्तीची ओळख पटविण्याची पद्धत बंगालमध्ये रुजली आणि तिच्या आरंभीच्या प्रयोगांत निवृत्तिवेतनधारकांचाही समावेश होता. कोलकात्यानजीकच्या हुगळी येथे दंडाधिकारी असलेले विल्यम हर्शेल यांनी १८७७ मध्ये निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे ठसे घेण्यास प्रारंभ केला. मृताच्या नावावर अन्य कोणी रक्कम उचलू नये, हा त्यामागील हेतू होता. १८९७ मध्ये कोलकात्यात अंगुलिमुद्रा केंद्र स्थापन झाले. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत सिद्ध करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता.

त्याच हेतूने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही आधार-आधारित डिजिटल हयातीच्या दाखल्याची सेवा सुरू झाली. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना हा दाखला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. ८० वर्षे पूर्ण केलेल्यांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. डिजिटल दाखल्यामुळे बँकेतील रांग आणि प्रवासाचे कष्ट टळतात. परगावी मुलांकडे राहणाऱ्यांनाही तो तेथूनच देता येतो.

मात्र वयोमानानुसार त्वचा कोरडी व सैल होते. आयुष्यभर अंगमेहनत केलेल्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात. त्यामुळे यंत्र ठसा स्वीकारत नाही. मोतीबिंदूमुळे बुबुळाच्या पडताळणीतही अडथळा येऊ शकतो. दाखला वेळेत न पोहोचल्यास निवृत्तिवेतन थांबते आणि त्यावरच औषधपाणी व घरखर्च चालविणाऱ्यांना इतरांपुढे हात पसरावे लागतात. शिवाय स्वतः हजर असूनही आपण आपणच आहोत हे सिद्ध न होणे, हा अनुभव वृद्धांच्या आत्मसन्मानाला धक्का देणारा ठरतो.

या अडचणींवर काही पर्याय उपलब्ध आहेत. नोव्हेंबर २०२१ पासून भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याद्वारे चेहऱ्यावरून पडताळणी करता येते. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन, शुल्क आकारून, डिजिटल दाखला तयार करून देतात. कागदी दाखल्याची सोयही कायम आहे. तथापि, चेहरा पडताळणीसाठी स्मार्टफोन आणि इंटरनेट लागत असल्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धांना बहुधा दुसऱ्याची मदत घ्यावी लागते.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शासकीय अनुदान व लाभांसाठी आधारचा वापर वैध ठरविला. त्याच वेळी ठसे जुळले नाहीत म्हणून पात्र व्यक्ती लाभापासून वंचित राहू नये, याकडेही लक्ष वेधले. त्यामुळे यंत्राने ठसा नाकारल्यास ज्येष्ठांनी परत न फिरता पर्यायी पडताळणीची किंवा कागदी दाखल्याची मागणी करणे हिताचे ठरते.