पावसाळ्यात तडकणारी काडतुसे

हिंदुस्थानातील काडतूस म्हटले म्हणजे १८५७ सालची आठवण प्रथम व्हावी हे स्वाभाविकच आहे. ते काडतूस कागदाचे होते. येथे सांगावयाची हकीकत त्याच्यामागून आलेल्या पितळी काडतुसाची आहे. त्याने बंड उठविले नाही; परंतु इंग्रजी फौजेच्या साठ्यात ते बसल्या जागी, कोणी हात न लावता, तडकत असे, आणि याचे कारण कित्येक वर्षे कोणासही उमगले नव्हते.

पितळ फौजेत आले ते प्रथम पातळ पत्र्याच्या रूपाने. १८६६ च्या सुमारास वुलिच येथील कर्नल बॉक्सर याने पितळी पत्र्याचे वेटोळे करून त्यास लोखंडी बूड बसविले. हे काडतूस मऊ असे. धक्क्याने चेपे, तापलेल्या बंदुकीत अडके. १८८५ च्या जानेवारीत सुदानात अबू क्ली येथे ऐन लढाईत बंदुका अडकल्या आणि त्यापायी माणसे मेली. मग एकसंध पितळेतून ओढून काढलेल्या पुंगळीचा स्वीकार करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

ही पुंगळी बनविण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ७० भाग तांबे व ३० भाग जस्त अशा पितळेची चकती घेऊन तिचा प्रथम पेला करतात. तो पेला एकाहून एक अरुंद साच्यांतून दाबून लांबवितात. प्रत्येक दाबागणिक धातू कठीण होत जातो, म्हणून मधून मधून त्यास ताव द्यावा लागतो. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर हंडा ठोकता ठोकता पुन्हा भट्टीत धरतो, तो याच कारणास्तव. १८८८ साली इंग्रजी फौजेने थ्री-नॉट-थ्री बोअर स्वीकारला. त्याची पुंगळी बुडाशी ०.४६ इंच रुंद, तर तोंडाशी अवघी ०.३४ इंच, म्हणजे सुरईसारखा तिचा गळा शेवटी आवळून काढावा लागे. त्या गळ्यात गोळी घट्ट दाबून बसवीत आणि वरून कडा गोळीवर आवळीत. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला होता. पुढे तेथेही ही काडतुसे होऊ लागली.

पावसाळ्यात फौजेच्या हालचाली थंडावत. तेवढ्या अवधीत दारूगोळा कोरड्या जागी ठेवावा म्हणून तो घोड्यांच्या पागांतून रचीत. आश्विनात पेट्या उघडाव्यात तो अनेक पुंगळ्यांना उभ्या चिरा गेलेल्या, आणि त्याही बहुधा गळ्याशीच! अशा गळ्यातून ओल दारूपर्यंत शिरते, गोळीची पकड सुटते. शिपायाने भरवसा ठेवावा कशावर? लोकांनी दोष ऋतूस दिला आणि या दोषाचे नावही ‘मोसमी तडा’ असेच पडले. नाव मिळाले की कारण मिळाल्यासारखे वाटते, व शोध तेथेच थांबतो. येथेही काहीसे तसेच झाले असावे.

उलगडा झाला तो १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन धातुशास्त्रज्ञांनी लंडनच्या धातुसंस्थेपुढे मांडलेल्या निबंधात दाखविले की, अपराधी दोन आहेत. पहिला अमोनिया. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा, पागेत पाऊल टाकताच नाकास झोंबणारा जो दर्प, तोच हा. दमट हवेत तो पितळेतील तांब्यास ग्रासतो आणि धातूच्या कणाकणांमधील सांध्यांतून आत उतरतो. परंतु केवळ अमोनियाने पितळ असे फाटत नाही; ताण काढून टाकलेले पितळ त्याच हवेत डागाळेल, पण तडकणार नाही. दुसरा अपराधी त्या पुंगळीच्याच अंगी होता. थंड स्थितीत आवळलेल्या गळ्यात ताण कोंडलेला राहतो. त्यात गोळी आतून त्यास सतत बाहेर रेटीत असते. अमोनियाने सांधा पोखरला की हा ताण तो उकलून टाकतो. पाऊस बिचारा केवळ ओल पुरवीत होता.

कारण कळल्यावर उपाय अवघड नव्हता. पागेपासून साठा दूर ठेवणे हे तर उघडच. पण खरा उपाय कारखान्यातला. तयार पितळेस सुमारे अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत बेताने तापविले असता कोंडलेला ताण जातो, आणि काठिण्य मात्र फारसे ढळत नाही. गळ्यास तर याहून अधिक आच देऊन तो मुद्दाम मऊ करतात. अनेक देशांच्या लष्करी काडतुसांच्या गळ्याशी जी निळसर तपकिरी झाक दिसते, ती त्या आचेचीच खूण. ताण उरला आहे की नाही हे पाहण्यासाठी पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावात पुंगळी बुडवीत; ताण असला तर ती थोड्याच वेळात डोळ्यांदेखत फाटे.

पाश्चात्त्य देशांत नेमबाज मंडळी वापरलेली पुंगळी पुन्हा भरतात, त्यांसही गळ्याची ही खोड चांगली परिचयाची आहे. बार उडाला की गळा फुगतो; साच्यात घालून तो पुन्हा आवळावा लागतो; असे काही वेळा झाले की पितळ कठीण होऊन गोळीची पकड विषम होते आणि अखेर गळा चिरतो. येथे अमोनियाचा संबंध नसतो, ठोकरून ठोकरून आलेले काठिण्यच पुरे होते. गळ्यास आच द्यावी, पण बुडास कदापि देऊ नये. कारण बाराचा सारा दाब बूड सोसते आणि ते मऊ पडले तर नेमबाजाच्या तोंडावरच फुटावयाचे. म्हणून जुन्या रीतीचे लोक पसरट भांड्यात पाणी घालून त्यात पुंगळ्या उभ्या करीत, वर राहिलेल्या गळ्यांवर ज्योत फिरवीत, आणि रंग पालटताच एकेक पुंगळी पाण्यात आडवी पाडीत.