प्लिमथचें आभारपर्व

१६२० च्या डिसेंबरांत मेफ्लॉवर जहाजांतील १०२ प्रवासी अमेरिकेंत प्लिमथ येथें वस्तीस उतरले. त्यांत प्रमुख होते ते इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटलेले ख्रिस्तभक्त. वसंत येण्यापूर्वींच जवळजवळ निम्मे लोक मातीआड झाले. उरलेल्यांस मका पेरण्याची रीत टिस्क्वांटम नांवाच्या तद्देशीयानें शिकविली. बियाण्याबरोबर मासे पुरावे, हेंही त्यानेंच सांगितलें.

हा शिक्षक कोण? त्याच भूमीवर त्याचें पटक्सेट गांव होतें. १६१४ त एका इंग्रज कप्तानानें त्यास पकडून स्पेनमध्यें विकावयास नेलें; परतून पाहतो तों सांथीनें गांव निर्मनुष्य झालेलें! गव्हर्नर ब्रॅडफर्डनें त्यास देवानें धाडिलेलें साधन म्हटलें आहे. साधनासही एके काळीं घर होतें, हें मात्र कृतज्ञतेच्या भरांत मागें पडलें.

१६२१ च्या शरदांत पीक हातीं आलें. एडवर्ड विन्स्लोच्या पत्रावरून दिसतें कीं, वांपानोआग लोकांचा राजा मॅसासॉइट ९० माणसांसह आला, तीन दिवस मेजवानी चालली आणि पाहुण्यांनींच ५ हरणें मारून आणिलीं. आप्तांचा शोक ताजा असतां देवाचे उपकार स्मरणारी ती श्रद्धा थोर खरीच.

१८६३ त अध्यक्ष लिंकन यांनीं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभारदिन म्हणून जाहीर केला. १९७० पासून त्याच सणाच्या दिवशीं वांपानोआग वंशज व इतर मूलनिवासी प्लिमथच्या टेकडीवर जमून शोकदिन पाळतात.