औंढ्याचे आरसे

नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचे काम आरशांवर चालणार आहे. काटकोनात टाकलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या आणि त्यांत टांगलेले आरसे, अशी तिची रचना. गुरुत्वीय लहर गेली की एक बाहू लांबतो, दुसरा आखडतो. हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो.

आरसा कसला, 40 किलो वजनाचा, 34 सेंटिमीटर व्यासाचा शुद्ध सिलिका काचेचा ठोकळाच तो, काचेच्याच तंतूंवर लोंबणारा. वरून सपाट भासला तरी तो किंचित खोलगट असतो. त्याची वक्रतात्रिज्या सुमारे दोन किलोमीटर. नळीत मागेपुढे फिरणारा लेसर शेकडो किलोवॅटपर्यंत साठतो. त्यातला अगदी नगण्य अंश आरशात मुरतो, पण तेवढ्यानेही मधला भाग तापून फुगतो आणि खोलगटपणा कमी होतो. म्हणून आरशाच्या कडेभोवती तापणारे कडे बसवतात. कडेची ऊब मधल्या फुगवट्याची भरपाई करते.

ही यंत्रसामग्री मुळात अमेरिकेतील हॅनफर्डच्या लायगो वेधशाळेतील दुसऱ्या उपकरणासाठी होती. पुढे ती ऑस्ट्रेलियाला देऊ केली गेली, पण 2011 मध्ये तो बेत बारगळला आणि भारताचे नाव पुढे आले. भारतीय संशोधकांचा इंडिगो हा गट 2009 पासून तयार होताच. त्याच्याही आधी पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून लहरीचा संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतींवर काम केले होते. 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर सापडली, 11 फेब्रुवारी 2016 रोजी ती जाहीर झाली आणि सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली.

भूकंपाच्या मराठवाड्यातच ही वेधशाळा का, ही शंका स्वाभाविक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली. 21 मार्च 2024 रोजीही हिंगोली, नांदेड आणि परभणीला 4.5 तीव्रतेचा धक्का जाणवला. अशा धक्क्याने यंत्राचे काम काही वेळ थांबते, आणि इमारतीला बळकटी द्यावी लागते, हे खरेच. पण वेधाला रोज नडते ती रेल्वेची, मालमोटारींची आणि समुद्राच्या लाटांची अखंड थरथर. समुद्रापासून दूर, मोठ्या शहरांच्या गर्दीबाहेरच्या या माळरानाची किंमत तिथे आहे.

दोन अमेरिकन वेधशाळांपासून इतक्या दूर तिसरे उपकरण असले की लहर आकाशात कुठून आली, हे अधिक नेमके सांगता येते. एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली, तेव्हा 2030 पर्यंत काम पुरे करण्याचे ठरले.